टीव्हीच्या पेटीवरचे शब्द आणि घरात दिसणारं चित्र

चवथ जवळ आली की म्हापसा, फोंडा, मडगावच्या दुकानांतून टीव्हीच्या पेट्या गाड्यांवर चढू लागतात. पेटीवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: ४के, एचडीआर, स्मार्ट. घरी आल्यावर त्याला जोडला जातो तो जुनाच सेट-टॉप बॉक्स, आणि तोही लाल-पिवळ्या-पांढऱ्या तोंडांच्या जुन्याच वायरने. मग मालिकेतल्या माणसांचे चेहरे धुरकट दिसतात, बातम्यांची पट्टी वाचवत नाही, आणि घरात चर्चा सुरू होते की टीव्ही खराब लागला. टीव्ही बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

आपल्याला दिसणारं चित्र पाच ठिकाणांहून पार होऊन येतं: वाहिनी, ती घरापर्यंत आणणारा केबलवाला किंवा डीटीएच (उपग्रहावरून थेट घरच्या डिशवर वाहिन्या देणारी) कंपनी, सेट-टॉप बॉक्स, बॉक्समधून टीव्हीत जाणारी वायर आणि शेवटी पडदा. या पाचांत जे सगळ्यांत कमी दर्जाचं, तेवढ्याच दर्जाचं चित्र दिसतं. म्हणून पुढचे शब्द मी दुकानातून सुरू करत नाही. सिग्नल घरात जिथून शिरतो तिथून सुरू करतो. याच क्रमाने आपल्या घरातलं एकेक तपासत गेलात तर निम्म्या तक्रारी पैसे न घालवता सुटतील.

पहिली पायरी: घरात काय येतंय?

छपरावर अँटेना लावून दूरदर्शन पाहायचे दिवस संपले. दूरदर्शनने जमिनीवरची बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत बंद केली. केबलचं डिजिटलीकरण त्याआधीच झालं होतं. महानगरांपासून २०१२ मध्ये सुरुवात झाली आणि खेड्यापाड्यांसकट शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. म्हणजे आज गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर टीव्ही डिजिटलच दिसतो. तो येतो तीन वाटांनी: केबल, छपरावरची डिश किंवा इंटरनेट.

इथे पहिला गोंधळ होतो. डिजिटल आणि एचडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिजिटल हे चित्र पाठवण्याच्या पद्धतीचं नाव आहे: चित्र आणि आवाज आकड्यांत बदलून पाठवले जातात. एचडी हे त्या चित्रात किती बारकावा आहे त्याचं नाव. सगळं एचडी डिजिटल असतं, पण डिजिटल वाहिन्यांतल्या कितीतरी अजून साध्या, म्हणजे एसडी आहेत.

सिग्नल कमजोर झाला तर दोन्ही पद्धती वेगवेगळं वागतात. ॲनालॉगमध्ये मुंग्या यायच्या, सावल्या पडायच्या, पण चित्र कसंबसं दिसत राहायचं. डिजिटलमध्ये सिग्नल एका मर्यादेपर्यंत घसरला तरी चित्र स्वच्छच राहतं, कारण हरवलेले आकडे भरून काढण्याची सोय त्यातच केलेली असते. ती मर्यादा ओलांडली की आधी चौकोन चौकोन पडतात, चेहरा अर्ध्यावर गोठतो, आवाज तुटतो आणि मग पडदा काळा. त्यामुळे ‘काल तर एकदम छान दिसत होतं’ हे सिग्नल चांगला असल्याचं प्रमाण धरू नका. काल तो मर्यादेच्या जेमतेम वर असू शकतो.

महिन्याला पैसे भरायचे नसतील तर डीडी फ्री डिश आहे. २००४ च्या डिसेंबरमध्ये ही सेवा सुरू झाली. डिश आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, पुढे मासिक शुल्क नाही. डीडी सह्याद्री आणि डीडी गोवा दोन्ही त्यावर मिळतात. मात्र तिथल्या बहुतेक वाहिन्या एसडी आहेत, हे मोठा टीव्ही घेण्याआधी लक्षात असू द्या.

दुसरी पायरी: आकडे समजून घ्या

पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं बनतं. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच आहे हे: तेवढ्याच जागेत ठिपके जास्त, तर नक्षी अधिक बारीक. आडवे किती आणि उभे किती ठिपके, हा हिशेब म्हणजे रिझोल्यूशन.

आपल्याकडचं साधं एसडी चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आतबाहेर ठिपके. पेटीवर ‘एचडी रेडी’ लिहिलेल्या टीव्हीचा पडदा बहुधा १३६६ गुणिले ७६८ असतो, साधारण साडेदहा लाख. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळपास २१ लाख. ४के किंवा यूएचडी म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख, फुल एचडीच्या बरोबर चौपट. पणजीला इफ्फीत सिनेमा पाहणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट सांगतो: थिएटरमधलं ४के ४०९६ ठिपके रुंद असतं, टीव्हीचं त्याहून थोडं अरुंद. नाव एक असलं तरी मोजमाप दोन आहेत.

आता ‘नवा टीव्ही आणल्यावर चित्र उलट बिघडलं’ या तक्रारीचं उत्तर या आकड्यांतच सापडतं. एसडी वाहिनी सव्वाचार लाख ठिपके पाठवते आणि ४के पडद्याला ८३ लाख भरायचे असतात. म्हणजे आलेल्या एका ठिपक्यातून टीव्हीला वीस तयार करावे लागतात. मधले ठिपके अंदाजाने भरण्याच्या या कामाला अपस्केलिंग म्हणतात. चांगले टीव्ही ते बऱ्यापैकी करतात, पण मुळात न आलेला बारकावा कुणालाच निर्माण करता येत नाही. तीच वाहिनी जुन्या २१ इंची डब्यावर नीटनेटकी दिसायची, कारण तिथे ती ताणली जात नव्हती.

आकड्यापुढे एक अक्षर असतं, आय किंवा पी. १०८० आयमध्ये चित्राच्या ओळी दोन हप्त्यांत येतात: आधी विषम क्रमांकाच्या, मग सम. १०८० पीमध्ये सगळ्या ओळी एकदम येतात. भारतातल्या एचडी वाहिन्या साधारणपणे १०८० आयमध्ये येतात, सेकंदाला पन्नास हप्ते. टीव्ही किंवा बॉक्स ते जोडून पूर्ण चित्र बनवतो. ही जोडणी कच्ची असली की वेगवान हालचालीत कडा करवतल्यासारख्या दिसतात. फातोर्ड्याच्या मैदानावरचा सामना लावा आणि कॅमेरा सरकताना मैदानाच्या पांढऱ्या रेषा पाहा. रेषा सलग राहिली तर जोडणी चांगली.

पडद्याची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण म्हणजे ॲस्पेक्ट रेशो. जुन्या टीव्हीचं ४:३, आताच्या सगळ्यांचं १६:९. जुना कार्यक्रम ४:३ मध्ये असेल तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि ते यायलाच हवेत. पट्टे घालवण्यासाठी चित्र ताणलं की माणसं जाडी दिसतात. मला हे ताणलेलं चित्र अजिबात बघवत नाही. जुन्या नाटकाचं चित्रीकरण पाहताना त्या नटाचा चेहरा जसा होता तसा दिसावा, पट्टे असले तर असोत.

तिसरी पायरी: बॉक्स आणि वायर

एचडी चित्राचे सगळे ठिपके न दाबता पाठवले तर सेकंदाला १२४ कोटी बिट, म्हणजे शून्य-एकचे तेवढे आकडे, लागतील. एवढं कुठल्याही उपग्रहाला किंवा केबलला परवडत नाही. म्हणून चित्र दाबून पाठवतात आणि बॉक्स ते उलगडतो. दाबण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. एमपेग-२ ही जुनी पद्धत, एमपेग-४ ही तिच्या पुढची आणि एचईव्हीसी किंवा एच.२६५ ही त्याहून नवी, २०१३ मध्ये ठरलेली. नवी पद्धत तेवढंच चित्र कमी जागेत बसवते, पण बॉक्सला ती वाचता आली पाहिजे. फ्री डिशवर याचा रोज प्रत्यय येतो: शेजाऱ्याकडे जास्त वाहिन्या दिसतात आणि आपल्याकडे कमी, डिश तीच. आपला बॉक्स एमपेग-२ चा असतो आणि त्या जास्तीच्या वाहिन्या एमपेग-४ मध्ये येत असतात.

आता बॉक्स उलटा करून मागची बाजू पाहा. पिवळं, लाल आणि पांढरं अशी तीन गोल तोंडं असतील. लाल-पांढऱ्यातून फक्त आवाज जातो. सगळं चित्र त्या एका पिवळ्या तारेतून जातं आणि तिच्यातून एसडीपेक्षा जास्त जाऊच शकत नाही. बॉक्स एचडी, वाहिनी एचडी, टीव्ही ४के, आणि मधे पिवळी तार: दिसणार एसडीच. शेजारी चपटं, खालचे दोन कोपरे तिरके कापलेलं तोंड असेल तर ते एचडीएमआय. बॉक्सला ते तोंडच नसेल तर बॉक्स एसडी आहे, तो बदलून मागा. असेल तर एक वायर आणा. सेट-टॉप बॉक्ससाठी साधी, धड बनावटीची एचडीएमआय वायर पुरते. सोन्याचा मुलामा वगैरे सांगून महागडी गळ्यात मारली तर घेऊ नका. ४के खेळयंत्र (गेमिंग कन्सोल) किंवा प्लेअर जोडायचा असेल तर मात्र ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं लिहिलेली घ्या.

चौथी पायरी: सेटिंग

ही पायरी फुकट आहे आणि सगळ्यांत जास्त चुकते, म्हणून इथे जरा थांबतो.

बॉक्सच्या मेन्यूत व्हिडिओ आउटपुट किंवा रिझोल्यूशन शोधा. तिथे ५७६ निवडलेलं राहिलं असेल तर एचडीएमआय लावूनही एसडीच दिसेल. १०८० आय निवडा.

मग वाहिनीचा क्रमांक तपासा. एचडीतही येणाऱ्या वाहिनीचे दोन क्रमांक असतात, एक एसडीचा आणि एक एचडीचा. एचडीचे पैसे भरणारी आणि सवयीने जुनाच क्रमांक दाबणारी घरं पुष्कळ आहेत. वडीलधाऱ्यांच्या रिमोटवर एचडीचे क्रमांक ‘आवडत्या’ यादीत घालून द्या. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांनुसार प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर असते आणि ती सुटी घेता येते. त्यामुळे यादी उघडून पाहा: एकाच वाहिनीच्या एसडी आणि एचडी दोन्हींचे पैसे जात असतील तर एक काढून टाका.

टीव्हीच्या बाजूला दोन गोष्टी. बातम्यांच्या खालच्या पट्टीची अक्षरं कडेला कापली जात असतील तर तो ओव्हरस्कॅन. चित्राच्या आकाराच्या मेन्यूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तशाच नावाचा पर्याय असतो, तो सुरू करा. आणि दुकानातून आलेला टीव्ही ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ करा. व्हिव्हिडमध्ये पिवळं केशरी होतं आणि कातडीचा रंग लालभडक. पहिले एक-दोन दिवस नवं सेटिंग फिकट वाटेल; नंतर जुनं लावून बघा, डोळ्यांना टोचेल.

पाचवी पायरी: डिश आणि पाऊस

डीटीएचचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्याला ते एकाच जागी दिसतात. गोव्यातून ते आग्नेयेच्या बाजूला, बरेच वर येतात. अंगणात उभं राहून त्या दिशेला पाहा: मधे माड आहे का? डिश लावली तेव्हा पाच वर्षांचा असलेला माड आता झावळ्यांनी वाट अडवत असेल. वारा सुटला की चित्र तुटतं आणि वारा पडला की नीट होतं, तर शंभरातल्या बहुतेक वेळा झाडच कारण असतं.

पावसाचं कारण वेगळं. डीटीएचचा सिग्नल केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यात येतो. त्याच्या लहरीची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्या आखूड लहरी पावसाचे थेंब शोषतात आणि विखुरतात. रिमझिम पावसाने फारसं बिघडत नाही. जुलैतली मुसळधार सर डिशच्या समोरच्या आकाशातून सरकते तेवढी मिनिटं चित्र जातं, सर पुढे गेली की येतं. हा बिघाड नाही आणि यासाठी कारागीर बोलावून उपयोग नाही. पण साध्या पावसातही रोज चित्र जात असेल तर सिग्नल आधीपासूनच मर्यादेच्या काठावर आहे, आणि ते दुरुस्त करता येतं.

बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंग्थ म्हणजे किती जोरात येतंय, क्वालिटी म्हणजे किती निर्मळ येतंय. महत्त्वाची ती दुसरी. स्ट्रेंग्थ चांगली आणि क्वालिटी शून्य असेल तर डिशची दिशा हललेली असण्याची शक्यता मोठी. दोन्ही शून्य असतील तर वायर किंवा एलएनबी पाहायचा. एलएनबी म्हणजे डिशच्या पुढ्यात दांड्यावर बसवलेला लहान डबा. डिशने गोळा केलेला सिग्नल तो पकडतो आणि वायरमधून खाली पाठवतो.

किनाऱ्याजवळच्या घरांत खरा शत्रू खारा वारा. एलएनबीला वायर जिथे फिरकीच्या टोपीने बसते तिथे उघडून पाहा: मधली तांब्याची तार हिरवट, टोपीच्या आत पांढरी भुकटी, बाहेर गंज. एवढ्याशा जागेत क्वालिटीची पट्टी अर्ध्यावर येते. वायरचं टोक कापून नवी टोपी बसवायची, जोडावर पाणी न शिरणारी रबरी पट्टी घट्ट गुंडाळायची आणि जोडाच्या आधी वायरला खाली एक वळसा ठेवायचा, म्हणजे पाणी तिथून टिपकून जातं. हे काम मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी करून घ्या. निसरड्या कौलांवर स्वतः चढू नका. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढाच, पण डिशची वायरही बॉक्सपासून सोडवा. लोक प्लग काढतात आणि ती वायर तशीच राहते.

केबलवाला आपले सिग्नल मुख्यतः मोठ्या डिशनी आणि सी बँडवर, म्हणजे पावसाचा कमी परिणाम होणाऱ्या लांब लहरींवर, घेतो. म्हणून सरीत केबल सहसा टिकते. तिची अडचण फांदी पडून तार तुटण्याची.

सहावी पायरी: इंटरनेटवरून पाहत असाल तर

एचडीसाठी सेकंदाला साधारण ५ मेगाबिट आणि ४केसाठी १५ ते २५ मेगाबिट वेग टीव्हीपाशी मिळायला हवा. टीव्हीपाशी हा शब्द महत्त्वाचा. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती वाय-फाय चांगलाच अडवतात. राउटरच्या खोलीत शंभर मेगाबिट आणि साल्यात, म्हणजे दिवाणखान्यात, दहा, असं होतं. राउटर मधल्या खोलीत आणा किंवा टीव्हीपर्यंत नेटवर्कची तार ओढा. तारेइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

वेग असूनही एखादं ॲप एसडीच दाखवत असेल तर टीव्हीत किंवा त्याला लावलेल्या स्टिकमध्ये वाइडवाइन एल-१ प्रमाणपत्र (चित्राची चोरून नक्कल होऊ न देण्याच्या सोयीचं) आहे का ते विचारा. ते नसलेल्या स्वस्त उपकरणांना बऱ्याच सेवा एचडी चित्र देतच नाहीत.

शेवटी दुकान

आता पेटीवरचे उरलेले शब्द. इंच म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर. ४३ इंची पडद्याची उंची साधारण २१ इंच. उंचीच्या तिप्पट अंतरापर्यंत, म्हणजे सवापाच फुटांपर्यंत, डोळ्याला फुल एचडीचा बारकावा पुरता दिसतो. त्याहून लांब बसलात तर त्याच मापाच्या ४केचा जास्तीचा बारकावा डोळ्यांपर्यंत पोचत नाही. दहा फुटांवर सोफा असलेल्या घरात ४३ इंची ४के घेण्यात बारकाव्याचा फायदा नाही. मोठा पडदा घ्या किंवा खुर्ची पुढे ओढा.

एलईडी टीव्ही म्हणजे स्वतः न उजळणारा एलसीडी पडदा, मागून एलईडी दिव्यांचा उजेड. क्यूएलईडी त्याचाच रंग सुधारलेला प्रकार. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण दिवसभर एकाच बातम्यांच्या वाहिनीची पट्टी चालू राहणाऱ्या घरात तिचा डाग कायमचा उमटण्याची जोखीम असते. एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यांतली जास्त छटांची सोय: प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या, म्हणजे पावणेदोन कोटींच्या जागी १०७ कोटी रंग. पडदा पुरेसा उजळ नसेल तर पेटीवरच्या एचडीआरला फारसा अर्थ नाही. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो. ५० किंवा ६० टीव्हीच्या वाहिन्यांना पुरतात, १२० खेळयंत्रांना उपयोगी. आवाजासाठी साउंडबार लावणार असाल तर ज्या एचडीएमआय तोंडाशेजारी एआरसी लिहिलंय तिथेच जोडा, टीव्हीचा आवाज बाहेर त्याच तोंडातून जातो.

दुकानात लावलेली चित्रफीत कंपनीने खास टीव्ही विकण्यासाठी बनवलेली असते: फुलपाखरं, फळं, रात्रीची शहरं. विक्रेत्याला ती बंद करून तुम्ही घरी रोज पाहता ती वाहिनी, आधी एसडी आणि मग एचडी, लावायला सांगा. शक्य असेल तर चित्र ‘स्टँडर्ड’वर आणा, घरी बसता तेवढ्या अंतरावर मागे या आणि थोडं बाजूलाही उभे राहा, कारण काही पडद्यांचे रंग बाजूने पाहिले की उडतात. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर दुसऱ्या दुकानात जा.